मागल्या दारानं

वाईत कृष्णेकाठच्या एका आळीतल्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीत एक फडताळ आहे. वरच्या फळीवर लोणच्याच्या बरण्या, मधल्या फळीवर पिठाचे डबे आणि खाली वह्या. मुलांना शाळेसाठी घेतो तशा, दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या. प्रत्येकीच्या पाठीवर चिकटपट्टीनं लावलेली चिठ्ठी: 'विहिरी', 'पूर', 'प्लेग', 'दगड', 'कृष्णाबाईचा हिशेब', 'सुना कुठून आल्या'. एकीवर नुसतंच 'विचारायचं राहिलं'.

या वह्या भरणाऱ्या आजी गेल्या पौषात वारल्या. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'गावाचे लेखक' असा विषय दिला, तेव्हा मला आठवल्या त्या याच. गावाबाहेर त्यांना कुणी ओळखत नाही. गावाविषयीचं एकच पुस्तक, तेही पदरमोड करून काढलेलं. प्रती बहुतेक आहेरात वाटून संपल्या. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "या की. पण आईचं नाव छापू नका. ती म्हणाली असती, गावाबद्दल लिहा, माझं काय एवढं." म्हणून इथे त्या 'आजी'च. तशी गावात त्यांना तीन नावं होती. शिकवलेल्या मुलांच्या त्या बाई, आळीच्या काकू आणि दोन नातवंडांच्या आजी. पुढं पुढं आळीतली म्हातारी माणसंही आजीच म्हणू लागली.

त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. वडील मामलेदार कचेरीबाहेर बसणारे स्टँपव्हेंडर. जुनी खतं मोडीत असायची, पक्षकारांना ती वाचून दाखवावी लागायची. मुलगी डबा घेऊन जायची आणि बाजूला बसून ऐकायची. मोडी त्यांना अशी आली, कुठल्या वर्गात नाही. लिहायला मात्र बसल्या निवृत्तीनंतर. आणि निवृत्ती कसली, तर मुलगा-सून दोघं नोकरीला, त्यामुळे एक नात आणि एक नातू यांचं सगळं करायचं. पुस्तकाचा बराचसा भाग दुपारी दीड ते साडेतीनच्या मधे लिहिलेला आहे. नातू झोपायचा तेवढा वेळ.

ओसरीवरचा इतिहास

वाईला इतिहासाचा तुटवडा कधीच नव्हता. अफजलखान विजापूरकरांचा सुभेदार म्हणून इथंच होता. पेशवाईत रास्त्यांनी घाट आणि देवळं बांधली. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ चं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. त्याची मागची भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती आहे, म्हणजे पुराचं पाणी अंगावर आपटून न थांबता दोन्हीकडे फाटून जावं. पलीकडे मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाटावरच्या देवळात वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा, तिच्यावर मेरी आणि १७०७ हा आकडा. गावात प्राज्ञपाठशाळा, जिथं तरुण विनोबा शिकायला आले होते. मराठी विश्वकोशाचं कामही तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी याच गावात बसून उभं केलं. पहिला खंड आला १९७६ साली.

आणि इतिहाससंशोधक राजवाडे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यातली पानिपतच्या काळातली पत्रं राजवाड्यांना वाईतल्याच एका घरात मिळाली होती. त्यानंतर कितीतरी संशोधक इथल्या वाड्यांच्या पायऱ्या चढले. सगळे पुढच्या दारानं आले. ओसरीवर पान लागलं, घरातल्या कर्त्या पुरुषानं दप्तर काढलं, रुमाल सोडले. काय दाखवायचं आणि काय नाही, तेही त्यानंच ठरवलं.

आजी मागल्या दारानं जायच्या. हळदीकुंकवाला, बारशाला, कुणाच्या पायावर गाडी पडली तर भाकरी करून द्यायला. माजघरात बसल्यावर कपाटाच्या फळीला अंथरलेला कागद त्यांना दिसायचा. एका घरात तो मोडी होता. त्यांनी त्या घरच्या सूनबाईला नवी वर्तमानपत्रं नेऊन दिली आणि जुना कागद मागून घेतला. दोन वाड्यांमधल्या सामायिक भिंतीच्या भांडणाचा निवाडा होता तो. सूनबाई म्हणाली, "काकू, न्या की. म्हातारे गेले तेव्हा पोतंभर असले कागद कृष्णेत सोडलेत आम्ही." यात तिचं काही चुकलं असं आजींना वाटत नसे. कागद वाचता येत नाही, त्यात कुणाचं कर्ज आहे की कुणाचा शाप, कळत नाही. वाळवी धरते, तेव्हा नदीत सोडणं हीच रीत. नदीत किती इतिहास गेला याचा हिशेब मांडणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं.

बाळंतपणाची कालगणना

मला स्वतःला सगळ्यात आवडली ती 'पूर' नावाची वही. धोमचं धरण होण्याआधीच्या कृष्णेच्या पुरांची नोंद आजींना करायची होती. लोकांना पूर आठवत होते, साल आठवत नव्हतं. पुरुषांना विचारलं की, "लई मोठा पूर, गणपतीच्या पोटाला पाणी," इथंच गाडी थांबायची. बायकांना विचारलं तर उत्तर यायचं, "थोरलीच्या वेळी मी सातव्या महिन्यात होते. पाणी माजघराच्या दुसऱ्या पायरीला. सासूबाईंनी मला माळ्यावर चढवलं, आणि वर उंदरांनी कापसाची गादी कुरतडलेली." आता थोरलीचं जन्मसाल काढलं की पुराचं साल हाती आलं.

इथं त्यांची मास्तरकी उपयोगी पडली. थोरलीची जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरात मिळायची. पण रजिस्टर कसं भरतात हे त्यांना आतून माहीत होतं. पालकाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून टाकून मोकळे. आपल्या खेड्यापाड्यांतल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस एक जूनला येतो तो त्यामुळेच. म्हणून आजी एक जूनच्या तारखेपुढे लाल पेनानं फुली मारत आणि त्या आईच्या जावेला, नणंदेला, शेजारणीला विचारत. तीन बाळंतपणं जुळली की साल पक्कं. दोनच जुळली तर वहीत लिहायचं, 'बहुधा'.

या वहीत प्रत्येक पुरापुढे घर आणि पायरी आहे. कुठल्या आळीत पाणी आधी शिरलं, कुठल्या बोळातून मागं फिरलं, कुणाच्या विहिरीचं पाणी नंतर महिनाभर गढूळ राहिलं. गणपतीच्या पोटाशी पाणी आलं एवढ्यावरून पुराची उंची कळते. ते गावात कुठल्या वाटेनं हिंडलं, ते बायकांनी सांगितलेल्या पायऱ्यांवरून कळतं. नगरपालिकेतल्या एका अभियंत्यानं मागं या वहीवरून नकाशा करून घेतला होता, असं मुलगा सांगतो.

'प्लेग' वही पातळ आहे. पाहिलेलं माणूस उरलं नव्हतं, ऐकीवच सारं. १८९६ ला मुंबईत साथ आली, पुढच्या वर्षांत सातारा जिल्ह्यात पसरली. गाव सोडून माणसं रानात झोपड्या घालून राहिली. या वहीत एकच गोष्ट तपशिलानं आहे: झोपडीत राहायला जाताना कुणी बरोबर काय नेलं, ते त्यांच्या नातसुनांनी सांगितलेलं. देव, जातं, आणि एकीनं मेथीच्या लाडवांचा डबा, कारण ती नुकती बाळंत झालेली.

लेक देऊन मिळालेले घाट

'सुना कुठून आल्या' हे नाव ऐकून मला हसू आलं होतं. वही चाळल्यावर गप्प बसले. पानापानावर तक्ते: घर, पिढी, सुनेचं माहेर, लग्न कुणी जमवलं. कुठल्या घरात तीन पिढ्या भोरकडच्या सुना, कुठल्या घरात जावळीतल्या, कुठं एकदम घाटाखालची कोकणातली. आजींचं म्हणणं असं की गावाचा व्यवहार कुठवर पोचलेला होता हे सरकारी कागदापेक्षा सोयरिकीत लवकर दिसतं. हळदीचा व्यापार ज्या पेठेशी, तिथली मुलगी दहा-पंधरा वर्षांत घरात येते. मग मसाल्याच्या डब्यात नवं काहीतरी येतं, मग कुळाचारात.

यातलं एक प्रकरण त्यांनी पुस्तकात छापलं आणि ते वाईतल्या काही जाणत्यांना रुचलं नाही. ते रास्त्यांवरचं. रास्ते मूळचे गोखले. भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिली आणि त्यानंतर या घराण्याचं बळ वाढत गेलं. आजींनी सरळ लिहिलं की वाईचे घाट गावाला एका लेकीच्या लग्नामुळे मिळाले, तेव्हा घाटांच्या इतिहासात पहिलं नाव तिचं असलं पाहिजे. आणि पुढं ती लेक काय भोगून गेली, तेही. विश्वासराव पानिपतावर पडले, माधवराव १७७२ मध्ये क्षयानं गेले, नारायणरावांचा १७७३ मध्ये खून झाला. नवरा आणि तिन्ही मुलगे तिच्या डोळ्यांदेखत गेले. गोपिकाबाई म्हटलं की बखरकारांपासून नाटककारांपर्यंत सगळ्यांना तिची कारस्थानं आठवतात. माहेरच्या गावानं तरी तिच्याकडे वेगळं बघावं, असा आजींचा सूर. मला विचाराल तर पहिल्या वाक्यात अतिशयोक्ती आहे. रास्त्यांकडे सावकारी होती, पराक्रम होता, सगळं लग्नावर ढकलता येत नाही. पण गावच्या इतिहासाच्या इतर पुस्तकांत गोपिकाबाई एका ओळीत संपते आणि इथं ती अकरा पानं आहे, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

कृष्णाबाईच्या उत्सवाचंही तसंच. थंडीच्या शेवटाला वाईचे सात घाट पाळीपाळीनं नदीचा उत्सव करतात. देवी घाटावर मांडवात येऊन बसते, कीर्तनं होतात, महाप्रसादाच्या पंगती उठतात. अफजलखानाचं संकट टळावं म्हणून शेंडे शास्त्र्यांनी कृष्णेला केलेला नवस, ही त्यामागची परंपरेनं सांगितलेली गोष्ट. आजींनी ती सांगून दोन परिच्छेदांत संपवली आहे आणि मग मांडवामागच्या चुलींकडे वळल्या आहेत. गूळ कुणाकडून, पत्रावळी लावायला कुठल्या वाडीच्या बायका येत, रेशनच्या काळात तांदूळ कसा उभा केला, कुठल्या जातीची पंगत कुठे आणि कधी बसे, ती वेगळी पंगत कधी मोडली, कुणी मोडली. हे सगळं आळीच्या जमाखर्चाच्या वह्यांतून आणि वाढपी बायकांच्या तोंडून.

किकलीचे दगड

नातवंडं चालती-बोलती झाल्यावर आजींनी त्यांना कामाला लावलं. सुट्टीच्या दिवशी एसटीनं किकलीला. वाई तालुक्यातल्या या गावात भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळ मांडलेले आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाच्या चौकटीत वीर पडलेला, कधी शेजारी गाई, म्हणजे जनावरं पळवणाऱ्यांशी लढताना गेलेला, त्यावर लढाई, मग अप्सरा त्याला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. नावं बहुतेकांवर नसतात.

झिजलेला दगड उन्हात काही बोलत नाही. त्यावर पीठ किंवा खडू चोळला तर रेषा दिसतात, पण दगडाचं नुकसान होतं. आजींची युक्ती होती संध्याकाळ. सूर्य खाली गेला की नातवानं बॅटरी दगडाच्या कडेला टेकवून आडवा झोत टाकायचा. उथळ रेषांत सावली भरते आणि घोड्याचा पाय, ढालीची कड, गाईचं शिंग वर येतं. नातीनं वहीत चित्र काढायचं. आजी टेपनं मापं घ्यायच्या आणि तोंडानं सांगायच्या.

मी किकलीला गेले तेव्हा देवळापाशी एक बाई भेटल्या, वय सत्तरीच्या पुढं. आजींचं वर्णन सांगितल्यावर म्हणाल्या, "आवं त्या आमच्या बाई! दोन पोरं घिऊन यायच्या. ल्हानगं पोरगं लई रडायचं, मग मी घरनं गूळशेंगा आणून द्यायची. बाई त्येला म्हनायच्या, रडू नगं, ह्यो दगडातला मानूस बघ, मारलाय तरी रडत न्हाई." त्या मोठ्यानं हसल्या. मग त्यांनी मला एक सतीशिळा दाखवली, कोपरात वाकलेला बांगड्या भरलेला हात असलेली. "ह्यी बाईंनी मला इचारलं हुतं, तुमी हिला काय म्हनता. मी म्हनलं, आमी न्हवरीचा हात म्हनतो, लगीन झालं की पाया पडतो. बाईंनी लिहून घेतलं."

'दगड' वहीत ते लिहिलेलं आहे. त्याखाली आजींच्या अक्षरात: 'जळालेल्या बाईच्या पाया नवी नवरी पडते. विचार करायचा.'

अहिदे, इसन्ने, सलास

नात आता पंचविशीची आहे, पुण्यात नोकरी करते. आजी गेल्यापासून शनिवार-रविवार वाईला येऊन वह्यांची छायाचित्रं घेते. ती मला म्हणाली, "मावशी, बालवाडीत मला एक-दोन-तीनच्या आधी अरबी आकडे येत होते." आणि तिनं म्हणून दाखवले: अहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर. लपाछपीत राज्य आलं की दोघं भावंडं असेच आकडे म्हणत. शेजारच्या मुलांना वाटायचं, आजीनं काहीतरी मंत्र शिकवलाय.

मंत्र कसला, तो शुहूर सन. मराठी कागदांत साल आकड्यानं कमी आणि अशा अरबी शब्दांनी जास्त येतं. 'मया' म्हणजे शंभर, 'अलफ' म्हणजे हजार. 'इसन्ने सितैन मया व अलफ' म्हणजे दोन, साठ, शंभर आणि हजार, ११६२. त्याआधीचं 'इहिदे सितैन' हे पानिपतचं साल. हे वर्ष मृगावर सुरू होतं, पेरणीच्या वेळी, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. यातच माणसं चुकतात.

मोडी शिकवण्याची आजींची पद्धतही खेळाचीच होती. मोडीत आधी आडवी रेघ मारून घेतात आणि तिला अक्षरं टांगत जातात. लेखणी उचलायची नाही, शब्दांमधे जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही. शुद्धलेखनात मार खाणाऱ्या नातवाला हे फार आवडलं. घरातल्या चिठ्ठ्या मोडीत जायला लागल्या, कारण आईबाबांना ती वाचता येत नव्हती. 'डब्यात वडी आहे, आईला सांगू नको' अशी आजींच्या हातची मोडी चिठ्ठी नातीनं जपून ठेवली आहे. आजींनी अभ्यासातून वेळ काढून नातवंडांना वाढवलं, असं गावातले लोक कौतुकानं म्हणतात. मला उलटं दिसतं. नातवंडं होती म्हणून त्यांना बारशांची आमंत्रणं होती, बाळंतपणांच्या गप्पा होत्या, बॅटरी धरायला हात होता आणि मोडी वाचायला माणूस होतं. एकट्या अभ्यासकाला ही वाई दिसली नसती.

न छापलेली पानं

एक वही पिठाच्या डब्यात होती, प्लास्टिकच्या पिशवीत. पाठीवर चिठ्ठी नाही. मुलानं ती मला दाखवली, वाचायला दिली नाही. फक्त तिच्यात काय आहे ते सांगितलं. गांधीजींच्या खुनानंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. या भागातल्या अनेक गावांचे जुने कागद त्या आगींत गेले आहेत. त्याच्या आधी चार-पाच वर्षं याच सातारा जिल्ह्यात इंग्रजांविरुद्धचं प्रतिसरकार होतं, भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या बायका होत्या. आजींनी दोन्हींविषयी बायकांना विचारलं होतं. काही घरांत भाकरी नेणारी आणि वाडा जळताना पाहणारी बाई एकच होती. कुणी कुणाला कोठारात लपवलं, आणि कुणी मशाल धरली होती, तेही तिनं सांगितलं होतं. दोन्हींची नातवंडं आज एका वर्गात शिकतात.

वहीच्या पहिल्या पानावर आजींनी लिहून ठेवलंय की सांगणाऱ्या सगळ्या बायका गेल्यावर त्यांच्या लेकी-सुनांना विचारावं, त्या हो म्हणाल्या तर छापावं. एकीची सून नाही म्हणाली आहे. मुलाचा विचार आहे की वही एखाद्या संस्थेकडे मोहोरबंद करून द्यावी. नात म्हणते, संस्थेत गेली की कधीतरी कुणीतरी उघडणारच, घरातच राहू दे. सूनबाईंचं मत तिसरंच: "आईंनी शब्द दिला होता. त्या बाईच्या सुनेला परत दोन वर्षांनी विचारू. माणसाचं मन बदलतं." मला त्यांचं पटलं. इतिहासाच्या नावाखाली दिलेला शब्द मोडायला आपल्याकडे फार लवकर तयार होतात.

बाकीच्या वह्यांचं ठरलंय. छायाचित्रं गावातल्या ग्रंथालयाला, मूळ वह्या फडताळातच, वेखंडाच्या तुकड्यांबरोबर. पुस्तकाची दुसरी आवृत्ती नात काढते आहे. ती निव्वळ पुनर्मुद्रण नाही, कारण नातीला आजींची एक चूक सापडली आहे. फळीवरचा तो भिंतीच्या भांडणाचा निवाडा. त्यावर साल इसन्ने सितैन मया व अलफ आणि तारीख रबिलावल महिन्यातली. आजींनी ११६२ मध्ये ६०० मिळवून १७६२ छापलं आहे. "पण त्या वर्षी रबिलावल पावसाळ्यानंतर आला होता," नात म्हणाली, "म्हणजे ५९९ मिळवायला हवेत. ऑक्टोबर १७६१. नानासाहेब जूनमध्ये गेले, माधवराव नुकते गादीवर आलेत, अशा वेळचा निवाडा आहे हा. आजीनं तो पुढच्या वर्षात ढकलला, म्हणून तिला त्यातलं एक वाक्य लागलं नाही."

कुठलं वाक्य, मी विचारलं. तिनं फोनवर फोटो मोठा करून माझ्यापुढे धरला आणि रेघेला टांगलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत वाचायला लागली. मधे एका अक्षराशी अडली. स्वयंपाकघरातून तिच्या आईनं विचारलं, "चहा टाकू का गं?" "टाक," ती म्हणाली, "पण कप इकडं आणू नकोस, वह्या उघड्या आहेत." आणि तो 'त' आहे की 'न', यावर तिचा नि तिच्या भावाचा फोनवर वाद सुरू झाला.